एका नळीच्या दोन नळ्या
प्रस्तावना

या पुस्तकाचा विषय आहे दहा-बारा सेंटिमीटर लांबीची एक नळी, श्वासनलिका. गळ्याच्या बुडाशी, दोन हाडांमधल्या खळग्यात बोट हलकेच दाबले की ती लागते; टणक आणि कड्याकड्यांची. कूर्चेच्या अशा 16 ते 20 कड्या असतात. कडी म्हणायची एवढेच, कारण एकही पूर्ण गोल नसते. प्रत्येक कडी पाठीमागे उघडी असते आणि तो उघडा भाग स्नायूच्या मऊ पट्ट्याने सांधलेला असतो. त्या पट्ट्याला खेटून अन्ननलिका उतरते. भाकरीचा मोठा घास खाली जाताना अन्ननलिका फुगते, तेव्हा पुढची नळी मागून जराशी दबते आणि तिला जागा देते. समोरच्या कड्या मात्र हवेची वाट मिटू देत नाहीत. एकमेकींना चिकटलेल्या दोन नळ्या, पण एक सतत उघडी राहण्यासाठी घडलेली आणि दुसरी घास नसेल तेव्हा मिटून राहण्यासाठी.

गर्भाच्या चौथ्या आठवड्यात यातली एकच नळी असते. शास्त्रज्ञ तिला अग्रांत्र म्हणतात, म्हणजे आतड्याचा सर्वांत वरचा भाग. तिच्या पोटाकडच्या भिंतीला एक फुगवटा येतो, त्याच्या टोकाला दोन कळ्या फुटतात, आणि कळ्यांपासून वरवर सरकत श्वासनलिका अन्ननलिकेपासून सुटी होत जाते. कळ्यांची पुढे फुप्फुसे होतात. सहावा आठवडा संपेपर्यंत मुख्य काम उरकलेले असते. हे आठवडे गर्भधारणेपासून मोजलेले आहेत. दवाखान्यातल्या कार्डावर ते शेवटच्या पाळीपासून मोजतात, तिथे दोन आठवडे वाढवून धरायचे. म्हणजे पाळी चुकून जेमतेम पंधरा दिवस झालेले, घरात अजून कुणाला सांगितलेले नाही, कदाचित स्वतःचीही खात्री पटलेली नाही, अशा दिवसांत आत एका नळीच्या दोन नळ्या होऊ लागलेल्या असतात. गर्भाची लांबी त्या वेळी पाच मिलिमीटरच्या आसपास असते.

आपल्या पाठ्यपुस्तकांत हे सगळे असते, पण तारीखवार. अमुक आठवड्यात कळी फुटते, तमुक आठवड्यात पडदा तयार होतो. विद्यार्थी ते पाठ करतात, आकृती काढतात, नावे लिहितात आणि मोकळे होतात. कळी त्याच जागी का फुटते? पोटाकडूनच का, पाठीकडून का नाही? जरा खाली जठर होणार आहे, तिथून का नाही? हे प्रश्न वर्गात सहसा येत नाहीत. भ्रूणशास्त्र रूक्ष आहे अशी जी समजूत पसरली आहे, तिचे कारण माझ्या मते हेच आहे. अग्रांत्राच्या सगळ्या पेशींत जनुके तीच आणि तेवढीच असतात. कोणत्याही पेशीत श्वासनलिकेचा आराखडा काढून ठेवलेला नसतो. पेशी काय होणार हे तिला शेजारून कोणता निरोप येतो, किती जोराने येतो आणि कधी येतो, यावर ठरते. हा निरोपांचा व्यवहार समजून घेणे एवढाच या पुस्तकाचा उद्देश आहे.

आधी शेजारी कोण ते पाहू. अग्रांत्राची भिंत एकाच थराची, अंतःस्तराच्या पेशींची असते. तिच्याभोवती मध्यस्तराच्या सैल पेशींचे वेष्टन. पाठीच्या बाजूला, जिथे पुढे मणके येतील तिथे, पृष्ठरज्जू नावाची लवचिक दांडी. पोटाच्या बाजूला नुकतेच धडधडू लागलेले हृदय. एवढ्या चिमुकल्या जागेत हे सगळे एकमेकांना खेटून असतात आणि प्रत्येक जण काही ना काही प्रथिने बाहेर सोडत असतो. शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावर ग्राही असतात. प्रथिन ग्राहीला चिकटले की पेशीच्या आत एक साखळी हलते, तिचे शेवटचे टोक केंद्रकात पोहोचते आणि तिथे काही जनुके चालू होतात, काही बंद. संकेत म्हणतात तो हाच. त्यात गूढ काही नाही, पण अशा संकेतांची कुळे किती, हे कळले की आश्चर्य वाटते. विंट, बीएमपी, एफजीएफ, हेजहॉग, अ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल आणि आणखी थोडी. हाताची बोटे, मेंदूचे कप्पे, मणके, दात, सगळ्यांची घडण याच मूठभर निरोपांवर चालते.

श्वासनलिकेची सुरुवात विंटपासून होते. पोटाकडचा मध्यस्तर विंट-2 आणि विंट-2बी ही दोन प्रथिने सोडतो. ती मिळालेल्या अंतःस्तराच्या पेशींत बीटा-कॅटेनिन साठते आणि एनकेएक्स-2-1 नावाचे जनुक जागे होते. हे जनुक म्हणजे श्वसनमार्गाची पहिली खूण. फुप्फुसाचा किंवा श्वासनलिकेचा मागमूस नसताना, नुसत्या सपाट भिंतीवर, पोटाकडच्या काही पेशींत ते दिसू लागते. 2009 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एडवर्ड मॉरिसी यांच्या गटाने उंदरांतली ही दोन्ही विंट जनुके काढून टाकली. त्या गर्भांत एनकेएक्स-2-1 जागेच झाले नाही. फुप्फुसे नाहीत, श्वासनलिका नाही; अग्रांत्राची एक नळी तशीच एकटी राहिली. उलट दिशेने प्रयोग केला, म्हणजे बीटा-कॅटेनिन सक्तीने चालू ठेवले, तेव्हा एनकेएक्स-2-1 खाली जठराच्या पेशींतही उगवले. जठर होणार हे त्या पेशींचे अटळ भवितव्य नव्हते. त्यांना वेगळा निरोप मिळाला नव्हता, इतकेच.

पाठीकडच्या पेशींत याच वेळी सॉक्स-2 नावाचे दुसरे जनुक जोरात असते. त्या पेशींची अन्ननलिका होणार असते. सॉक्स-2 आणि एनकेएक्स-2-1 यांचे एकमेकांशी पटत नाही. एक वाढले की दुसरे मागे हटते. मग हद्द कुठे पडणार? इथे बीएमपी येते. पोटाकडचा मध्यस्तर बीएमपी-4 सोडतो आणि ते सॉक्स-2 ला दाबते. पृष्ठरज्जूकडून नॉगिन नावाचे प्रथिन येते, ते बीएमपीलाच पकडून निकामी करते. त्यामुळे पाठीकडे सॉक्स-2 सुरक्षित राहते.

ज्यांनी वसई, अर्नाळा किंवा उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकताना पाहिले आहेत, त्यांना यातला एक मुद्दा समजावून सांगावा लागणार नाही. वास कुठून येतो ते न पाहताही माणूस सांगू शकतो की आपण वलांडीच्या अगदी जवळ आहोत, की दोन गल्ल्या पलीकडे. वास एकच, त्याची तीव्रता अंतर सांगते. पेशीही बीएमपीची तीव्रता अशीच जोखते आणि आपण पोटाकडे आहोत की पाठीकडे हे तिला कळते. 1969 मध्ये लुईस वोल्पर्ट यांनी ही कल्पना नीट मांडली, तेव्हा अनेकांना ती जरा जास्तच सोपी वाटली होती.

या भागातला माझा सर्वांत आवडता प्रयोग 2011 मधला, विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या शिन सन यांच्या गटाचा. त्यांनी उंदराच्या अग्रांत्रातले बीएमपीचे ग्राही काढून टाकले. निरोप येत होता, पण ऐकणारे कान नव्हते. श्वासनलिका झालीच नाही. फुप्फुसांच्या शाखा थेट अन्ननलिकेसारख्या नळीतून निघाल्या. मग त्यांनी त्याच गर्भांतून सॉक्स-2 देखील काढून टाकले, आणि श्वासनलिका परत तयार झाली. दोन गोष्टी काढल्यावर गाडी रुळावर आली. म्हणजे बीएमपी पेशींना श्वासनलिका कशी व्हायचे ते शिकवत नाही. अन्ननलिका होण्याचा हट्ट तेवढा मोडून काढते. एवढ्या साध्या रचनेच्या प्रयोगातून इतके स्पष्ट उत्तर जीवशास्त्रात क्वचित मिळते. त्याआधी 2007 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या ब्रिजिड होगन यांच्या प्रयोगशाळेने सॉक्स-2 कमी पडले तर काय होते ते दाखवले होते. त्या उंदरांची अन्ननलिका अर्धवट राहिली आणि श्वासनलिकेला जोडली गेली. माणसाच्या बाळांत जो दोष दिसतो, हुबेहूब तोच. त्याकडे पुढे यायचेच आहे.

हद्द आखली गेली तरी नळी अजून एकच असते. ती कापायची कशी? या टप्प्याबद्दल अभ्यासकांत बरीच वर्षे वाद चालला. कुणी म्हणे दोन्ही बाजूंनी कडा आत येऊन पडदा बनतो, कुणी म्हणे नवी नळी नुसती खाली वाढत जाते. 2019 मध्ये सिनसिनाटीच्या बालरुग्णालयातल्या गटाने बेडूक आणि उंदीर या दोघांच्या गर्भांवर दाखवले की दोन्ही बाजूंच्या भिंती आत सरकतात, मधोमध एकमेकींना भिडतात आणि भिडलेल्या जागेच्या पेशी आपली मांडणी बदलून दोन स्वतंत्र नळ्या मिटवून घेतात. हे घडायला हेजहॉग कुळाचा निरोप लागतो. फळमाशीच्या ज्या अळीत हे जनुक बिघडलेले असते तिचे अंग काट्यांनी भरून जाते, त्यावरून हे नाव. सस्तन प्राण्यांतल्या त्या जनुकाच्या भावंडाला 1993 मध्ये एका व्हिडिओ गेममधल्या पात्राचे नाव मिळाले, सॉनिक हेजहॉग. आजारी बाळाच्या आईबापांना हे नाव सांगताना डॉक्टरांची होणारी पंचाईत हा भ्रूणशास्त्रातला जुना विनोद आहे. 1998 मध्ये सॉनिक हेजहॉग नसलेल्या उंदरांचे वर्णन आले: श्वासनलिका आणि अन्ननलिका वेगळ्या झाल्याच नव्हत्या.

इथपर्यंत निरोप बाहेरून आत आले, मध्यस्तराकडून अंतःस्तराकडे. आता दिशा उलटते. नवी नळी स्वतः सॉनिक हेजहॉग सोडू लागते आणि भोवतालच्या मध्यस्तराला सांगते की कूर्चा तयार करा. पुढच्या बाजूच्या पेशींत सॉक्स-9 जागते, त्यांच्या कूर्चेच्या कड्या होतात. मागच्या बाजूच्या मध्यस्तराचा स्नायू होतो. कड्या सलग न होता तुटक का होतात, याच्याही मुळाशी एफजीएफ-10 आणि सॉनिक हेजहॉग यांची देवाणघेवाण आहे. कूर्चा आणि स्नायू आपापल्या जागी नीट बसले नाहीत, तर जन्मानंतर श्वास घेताना नळी आतल्या आत चपटी होते. एफजीएफ-10 बद्दल आणखी एक गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. ते नसलेल्या उंदरांत श्वासनलिका होते, पण तिच्या टोकाला फुप्फुसे नसतात. नळी घडवणे आणि तिला फांद्या फोडणे ही दोन वेगळी कामे आहेत.

ही सगळी गोष्ट परदेशी प्रयोगशाळांची वाटू लागली असेल, तर आता पुण्याला येऊ.

1950 च्या दशकात पुणे विद्यापीठाच्या लीला मुल्हेरकर एडिंबरोला कॉनराड वॅडिंग्टन यांच्या संस्थेत काम करत होत्या. 1924 मध्ये हान्स श्पेमान आणि हिल्डे मँगोल्ड यांनी दाखवून दिले होते की गर्भाचा एक तुकडा दुसऱ्या जागी लावला तर तो शेजारच्या पेशींना नवे अवयव घडवायला लावतो. प्रश्न होता तो तुकडा शेजाऱ्यांना नेमके देतो काय. 1957 मध्ये वॅडिंग्टन आणि मुल्हेरकर यांचा निबंध प्रसिद्ध झाला, त्याचा विषय होता कोंबडीच्या गर्भात अशा प्रेरणेच्या वेळी पदार्थ एका ऊतीतून दुसरीत कसे पसरतात. विंट, बीएमपी ही नावेही तेव्हा जन्माला यायची होती. निरोप असतो हे माहीत होते, निरोप्या सापडत नव्हता. मुल्हेरकर पुण्याला परतल्या आणि कोंबडीच्या गर्भावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची एक पिढी त्यांच्या हाताखाली तयार झाली. कोंबडीचे अंडे हे भारतातल्या कमी पैशाच्या प्रयोगशाळांना मिळालेले वरदानच होते. कवचाला खिडकी पाडा, आत धडधडणारे हृदय साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसते.

या परंपरेतले सुरेंद्र घासकडबी पुढे पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत हायड्राकडे वळले. हायड्रा म्हणजे गोड्या पाण्यात राहणारा, काही मिलिमीटर लांबीचा, पोकळ दंडगोलासारखा जीव. त्याला श्वासनलिका नाही, फुप्फुस नाही, हृदय नाही, पाठकणा नाही. 2010 मध्ये त्यांच्या गटाने जपानी सहकाऱ्यांबरोबर हायड्रातले नॉगिन जनुक वेगळे केले आणि ते बेडकाच्या गर्भात तपासले. ते तिथे काम करते असे दिसून आले. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांची हद्द राखायला पृष्ठरज्जू ज्या प्रथिनाचा वापर करते, ते प्रथिन ज्याला पृष्ठरज्जूच नाही अशा जीवाकडेही आहे, आणि ते बेडकाला कळतेही. उंदरांतले नॉगिन काढून टाकले तर त्यांच्यापैकी अनेकांत अन्ननलिका अपुरी राहते आणि श्वासनलिकेला जोडली जाते. हे दोन निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. फुप्फुसे पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधी ती घडवणारे निरोप तयार होते. नवा अवयव म्हणजे जुनेच निरोप नव्या शेजारात.

विंटच्या कुळकथेतही एक भारतीय पान आहे आणि ते आपल्याकडे जवळजवळ कुणी वाचत नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांना पंख नसलेल्या फळमाश्या सापडल्या. 1973 मध्ये त्यांनी या उत्परिवर्तनाची छोटीशी नोंद प्रसिद्ध केली आणि त्याला विंगलेस नाव दिले. 1976 मध्ये व्ही. एल. चोप्रा यांच्याबरोबर त्यांचा सविस्तर निबंध आला. 1982 मध्ये रोल नुस आणि हॅरॉल्ड वार्मस यांना उंदराच्या स्तनांच्या कर्करोगात इंट-1 हे जनुक मिळाले. 1987 मध्ये कळले की विंगलेस आणि इंट-1 ही एकाच जनुकाची माशीतली आणि उंदरातली रूपे आहेत. दोन नावे जोडून विंट झाले. गव्हावर संशोधनासाठी प्रसिद्ध असलेल्या संस्थेतल्या एका बिनपंखी माशीपासून आपल्या श्वासनलिकेच्या पहिल्या निरोपापर्यंतची ही वाट आमच्या पदवीच्या पुस्तकांत एका ओळीचीही नाही. याचा मला राग येतो.

फळमाशीला फुप्फुसे नसतात, पण अंगभर हवेच्या नळ्यांचे जाळे असते. झुरळाच्या विच्छेदनात ज्यांनी त्या चांदीसारख्या चकाकणाऱ्या बारीक नळ्या पाहिल्या आहेत ते त्या विसरणार नाहीत. या नळ्यांना फांद्या फोडणारा निरोप एफजीएफ कुळातलाच निघाला. आपली श्वासनलिका आणि माशीच्या नळ्या एकाच पूर्वज अवयवापासून आलेल्या नाहीत. तरी निरोप तोच.

आता घरच्या पाण्यात. हे पुस्तक जिथे बसून लिहिले त्या नायगावला, भाईंदरच्या पुलाकडच्या खाडीत, पाणजू बेटाच्या भोवती ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यावर निवटी उड्या मारताना दिसतात. निवटी हा मासाच, पण हवेत तासन्‌तास राहू शकणारा. त्याच्याकडे श्वासनलिका नाही आणि फुप्फुसही नाही. ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून तो हवेतला प्राणवायू घेतो. जमिनीवर यायचे तर आपल्यासारखीच नळी हवी, असा काही नियम नाही. दुसरे उदाहरण किमती आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मुरबे गावच्या बोटीला दीडशेहून अधिक घोळ मासे मिळाले आणि लिलावात सुमारे 1 कोटी 33 लाख रुपये आले. ही किंमत मुख्यतः त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीची. माशांची ही पिशवी गर्भात त्याच आतड्याच्या नळीतून कळीसारखी फुटते, फक्त सहसा पाठीच्या बाजूने; आपली फुप्फुसे पोटाच्या बाजूने. डार्विनला वाटले होते की अशा पिशवीपासून पुढे फुप्फुस झाले. आजचे मत उलटे आहे: फुप्फुस जुने, पिशवी नंतरची. कोळीवाड्यातल्या वाचकांनी पुढचे चौथे प्रकरण आधी वाचले तरी चालेल.

हे सगळे कशासाठी जाणून घ्यायचे, असे विचारणाऱ्यांसाठी एक दुःखद उदाहरण. 2011 मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात पाओलो मॅकियारिनी या शल्यविशारदाने एका रुग्णाला कृत्रिम पदार्थाची श्वासनलिका बसवली. तिच्यावर रुग्णाच्याच मूलपेशी पसरल्या होत्या आणि त्या आपोआप जिवंत नळी बनवतील असे सांगितले गेले. जगभर मथळे झळकले. त्या रुग्णालयातल्या अशा तिन्ही रुग्णांचा पुढे मृत्यू झाला, आणि 2023 मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने त्याला अडीच वर्षांची शिक्षा सुनावली. गुन्ह्याची बाजू न्यायालयाने पाहिली. शास्त्राच्या बाजूने बोलायचे तर पेशी नुसत्या शिंपडल्या म्हणजे ऊती होत नाही. अंतःस्तराला मध्यस्तर लागतो, मध्यस्तराला अंतःस्तर, दोघांनाही वेळेवर निरोप. श्वासनलिकेला नुसता पाइप समजणाऱ्या माणसाच्या हाती सुरी होती, हे त्या रुग्णांचे दुर्दैव.

आता त्या बाळांकडे येतो. सुमारे अडीच ते साडेचार हजार जन्मांमागे एक बाळ असे येते की ज्याच्या दोन नळ्या नीट सुट्या झालेल्या नसतात. सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात अन्ननलिकेचा वरचा भाग छातीत आंधळा संपतो आणि खालचा भाग श्वासनलिकेला जोडलेला असतो. पाजलेले दूध पोटात पोहोचत नाही. उलट पोटातले आम्ल फुप्फुसात जाते. 1941 मध्ये अमेरिकेतल्या ॲन आर्बर इथे कॅमेरॉन हाइट यांनी अशा बाळाची अन्ननलिका एकाच शस्त्रक्रियेत जोडून त्याला वाचवले. त्याआधी अशी बाळे जगत नसत म्हटले तरी चालेल. आज सुसज्ज केंद्रात, वजन बरे असेल आणि हृदयाचा मोठा दोष नसेल तर, दहांतली नऊहून अधिक वाचतात. त्यांतल्या अनेकांचा खोकला पुढे काही वर्षे भुंकल्यासारखा राहतो, कारण श्वासनलिकेच्या कड्या लेच्यापेच्या असतात. टाक्यांनी नळ्या वेगळ्या होतात, पण चौथ्या-पाचव्या आठवड्यात चुकलेला निरोप मागे जाऊन दुरुस्त करता येत नाही.

नायगावहून अशा बाळाला न्यायचे ठिकाण बहुधा परळचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय असते, 1929 पासूनचे. गंमत म्हणजे त्याच्या शेजारच्या वस्तीचे नावही नायगावच. आमच्या नायगावहून त्या नायगावला जायला गाडीने तासाहून अधिक वेळ लागतो, आणि या बाळांच्या बाबतीत तो वेळ मोजूनच वापरावा लागतो.

बाळाला परळला नेण्याआधी किंवा नेल्यानंतर घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो: ग्रहण पाळले नव्हते का? सुरी हातात घेतली होती का? वसईच्या चर्चच्या सावलीत राहणाऱ्या घरांतही, वाडवळांच्या वाड्यांतही, पूर्वेच्या नव्या इमारतींतही हा प्रश्न सारख्याच सहजतेने येतो. पुढची प्रकरणे वाचल्यावर त्याचे उत्तर वाचकच देऊ शकेल. नळ्या सुट्या होण्याचे काम पाळी चुकून महिना होण्याच्या आत बहुतेक संपलेले असते. पुढच्या महिन्यांतल्या ग्रहणाला तिथे करायला काही उरतच नाही, आणि आधीच्या ग्रहणालाही पेशींच्या ग्राहींत जागा नाही. काही बाळांत सॉक्स-2 सारख्या जनुकातला बदल सापडतो. आईचा गर्भधारणेपूर्वीचा मधुमेह, थायरॉइडसाठीची मेथिमाझोल-कार्बिमाझोल ही औषधे यांचा संबंधही नोंदलेला आहे. अशी औषधे चालू असतील तर मूल होऊ देण्याचा विचार करतानाच डॉक्टरांशी बोलावे, स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. बहुतेक बाळांत मात्र एकच एक कारण सापडत नाही. दोष एवढाच असेल तर पुढच्या मुलात तो पुन्हा येण्याची शक्यता शंभरात एकाच्या आसपास असते.

पुस्तकात गुंतागुंतीची नावे आहेत. ती मी मराठीत ओढूनताणून बसवली नाहीत. विंटला विंटच राहू दिले आहे. पहिल्या वाचनात नावे विसरली तरी बिघडत नाही. कोण कुणाला सांगतो आणि कुठून सांगतो, एवढे लक्षात राहिले तर पुरे. पदवीच्या विद्यार्थ्यांनी दुसरे आणि तिसरे प्रकरण हातात पेन्सिल घेऊन वाचावे. आशा कार्यकर्त्यांनी आणि घरात बाळंतपण असलेल्यांनी शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल.

त्यांना एक विनंती इथेच करून ठेवतो. सोनोग्राफीत गर्भजल फार वाढलेले आणि बाळाचे जठर लहान आहे किंवा दिसत नाही असे सांगितले, तर बाळंतपण बालशल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयाजवळ व्हावे असे पाहा. जन्मलेल्या बाळाच्या तोंडातून फेसाळ लाळ सतत येत असेल, पहिल्याच पाजण्याला ते ठसकत असेल किंवा निळे पडत असेल, तर त्याला पुन्हा पाजून पाहू नका. मध नको, घुटी नको, साखरपाणी नको. तोंडातली लाळ पुसत राहा, डोके जरा उंच ठेवा आणि लगेच रुग्णालयात न्या. नाकातोंडातून घातलेली नळी पोटापर्यंत जाते का, हे पाहायला तिथे काही मिनिटे लागतात. आणि त्या वेळी बाळाच्या आईला ग्रहणाबद्दल काही विचारू नका.